साखरेचा डबा आणि केरेकेरे

वाचक भगिनीचे पत्र, संक्षेपाने: “मी ६३ वर्षांची निवृत्त परिचारिका आहे आणि माझे यजमान ६७ वर्षांचे निवृत्त मुख्याध्यापक आहेत. मला मधुमेह आहे, त्यांना रक्तदाब आहे. दोन्ही औषधांनी आटोक्यात आहेत. आमच्या ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) आम्हांला दोन वर्षांच्या सेवेसाठी फिजी देशातील तावेऊनी बेटावर पाठवले, त्याला आता सात महिने झाले. मूळ फिजी लोकांच्या गावात, उपासनामंदिराला लागून असलेल्या लहानशा घरात आम्ही राहतो. येथे कोणीही केव्हाही येते आणि साखर, छत्री, पातेले, मोबाईलचा रिचार्ज, जे हवे ते मागून नेते. यजमान रोज रात्री यांगोना या मुळीपासून केलेल्या पेयाच्या बैठकीला जातात, अकरा वाजता परततात आणि हीच सेवा आहे असे म्हणतात. लोकांना पवित्र शास्त्र आमच्याहून अधिक पाठ आहे, मग आम्ही येथे कशासाठी आहोत हे मला समजत नाही. बाजारातील भारतीय वंशाचे दुकानदार ‘तुम्ही त्यांच्यात का राहता’ असे विचारतात. पुण्याची मुलगी म्हणते की नोव्हेंबरात वादळांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी परत या. मी काय करावे?” (एक बहीण, मूळ राहणार अहिल्यानगर)

प्रिय ताई, सप्रेम सलाम.

तुमचे मूळ पत्र चार पानांचे आहे आणि मी ते दोनदा वाचले. त्यात वादळाचा उल्लेख एकदा, मुलीचा दोनदा आणि साखरेच्या डब्याचा पाच वेळा आला आहे, म्हणून उत्तराची सुरुवात मी त्या डब्यापासूनच करते. काही वर्षांपूर्वी मी आणि माझे यजमान वनुआ लेवू बेटावर, लंबासा शहरापासून तासाभराच्या अंतरावरील एका गावात, जवळजवळ तुमच्याच वयाचे असताना दोन वर्षे राहिलो होतो. तेथून तुमचे बेट फार दूर नाही, मध्ये सोमोसोमोची सामुद्रधुनी तेवढी आहे. त्यामुळे तुमच्या स्वयंपाकघराच्या दारात कोण उभे आहे आणि ते काय म्हणत आहे, हे मला येथे बसूनही ऐकू येते.

‘केरेकेरे’ हा शब्द तुमच्या कानावर पहिल्याच आठवड्यात पडला असणार. फिजी भाषेत ‘कृपया’ म्हणायचे तर हाच शब्द वापरतात आणि आपल्या माणसाकडे हक्काने मागण्याची जी सबंध रीत आहे, तिचेही नाव हेच आहे. तिला आपण उसनवारी समजतो ती आपली चूक, कारण उसन्यात घेतलेली वाटी केव्हातरी भरून परत यावी लागते. आणि तिला आपण मागतेपण समजतो ती त्याहून मोठी चूक, कारण दारावर मागणाऱ्याचे आणि घरातून देणाऱ्याचे काही नाते नसते. केरेकेरे नात्यातच चालते. परक्याकडे मागताना तेथील माणूस लाजतो, आणि आपल्या म्हणवणाऱ्या माणसाकडे गरज असूनही मागितले नाही तर त्या माणसाला वाईट वाटते. तुमच्याकडे साखर मागायला येणाऱ्या बाईने तुम्हांला लुबाडायचे ठरवलेले नाही; तिने तुम्हांला आपल्या घरच्यांत धरले आहे आणि तुम्ही मात्र ते अजून मान्य केलेले नाही, असा माझा तर्क आहे.

हा तर्क मी स्वतःच्या अनुभवावरून करते. पहिल्या चार महिन्यांत मी एक वही घातली होती. तिच्यात कोणी काय नेले याची नोंद मी रोज करत असे, आणि ‘कुदळ एक, परत नाही’ अशा वाक्यांनी तिची बरीच पाने भरली होती. नंतर एके दिवशी मी साखर, चहा आणि तेल एका लाकडी पेटीत ठेवून पेटीला कुलूप लावले. त्यावर कोणीही एक शब्द बोलले नाही. रस्त्यात बायका हसून ‘बुला’, म्हणजे नमस्कार, म्हणत आणि पुढे जात. पण तीन आठवडे आमच्या उंबऱ्याशी कोणी आले नाही. त्याच सुमारास माझ्या यजमानांना ताप आला आणि दोन दिवस गावात कोणाला त्याचा पत्ता लागला नाही, कारण पत्ता लागण्याची जी वाट होती ती साखरेच्या डब्यावरूनच जात होती. तिसऱ्या दिवशी शेजारच्या वृद्ध बाई आल्या, कुलपाकडे पाहून त्यांनी मला विचारले, “तुला काही लागत नाही का?” मी काहीशा अभिमानानेच “नाही” म्हटले. त्या म्हणाल्या, “म्हणूनच.”

तुमच्या चार पानांत मी एक गोष्ट शोधत होते आणि ती मला सापडली नाही: या सात महिन्यांत तुम्ही कोणाकडे काय मागितले? लोकांनी दालोचे कंद आणून दिले, मासे आणून दिले, हे तुम्ही लिहिले आहे; पण ते सर्व न मागता आलेले आहे आणि तुम्ही त्याची नोंद ‘भेट’ म्हणून केली आहे. जो फक्त देतो आणि कधी मागत नाही, त्याला कोठे बसवावे हे त्या गावाला कळत नाही. तो पाहुणा असतो किंवा साहेब असतो, आणि साहेबाकडून घेण्यात कोणाला संकोच वाटत नाही. म्हणून माझा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा सल्ला असा की, या आठवड्यात शेजारी जाऊन काहीतरी मागा, आणि ते खरोखर लागणारे असावे. अंगणातील गवत कापायला एखादा मुलगा मागा, नारळ खवून द्यायला सांगा, बसायला जुनी चटई मागा. त्याचे पैसे देऊ नका. आपल्याकडे शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करत नाहीत, ती सवय चांगली आहे. पण तेथे चार दिवस थांबून मग काहीतरी न्या, नाहीतर व्यवहार मिटवल्यासारखा दिसतो आणि त्यांना तो मिटवायचाच नसतो.

याचा अर्थ निवृत्तिवेतन गावात वाटून टाकावे असा मुळीच नाही. साखर पाच किलो आणू नका, एक किलो आणा. डबा खरोखरच रिकामा असला की “सा ओती”, म्हणजे संपली, असे सांगताना कोणालाच लाज वाटत नाही, आणि तेथे ते उत्तर रोज शंभर घरांतून दिले जाते. तुमची औषधे, रक्तातील साखर तपासण्याचे यंत्र आणि त्याच्या पट्ट्या, चष्मे व पारपत्रे नजरेआड ठेवा. गरजा सांगून मागितल्या जाणाऱ्या पैशांसाठी दोघांनी मिळून महिन्याची एक रक्कम ठरवावी आणि ती संपली की त्या महिन्यात नाही म्हणावे. कर्ज म्हणून मात्र कोणालाही काही देऊ नका. द्यायचे असेल ते देऊन विसरावे, कारण परतफेडीची वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ते बेट फार लहान पडते. मंदिरातील ‘सोली’, म्हणजे वर्गणी, हा प्रकार वेगळा आहे. तेथे नाव आणि रक्कम मोठ्याने वाचून दाखवण्याची पद्धत आहे, आणि निवृत्त मुख्याध्यापकांना आपल्या नावापुढे लहान आकडा ऐकवत नाही, हे मी घरच्या अनुभवावरून जाणते. पहिल्यापासून एक साधी रक्कम ठरवून दर वेळी तीच द्यावी. तिसऱ्या वेळेनंतर कोणी मान वर करून पाहत नाही.

आता तुमच्या दुसऱ्या दुःखाकडे वळते, आणि खरे दुःख तेच आहे असे मला वाटते. “त्यांना शास्त्र आमच्याहून अधिक पाठ आहे” हे वाक्य तुम्ही तक्रारीच्या स्वरात लिहिले आहे, यावरून तुमच्या मनात मिशनरी म्हणजे कोण याचे एक चित्र आहे हे दिसते. ते चित्र नगरचेच आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरला ठाणे घातले, तेव्हापासून आपल्या आजी-पणजीने बंगला पाहिला, आवाराची भिंत पाहिली, घंटा, शाळा आणि दवाखाना पाहिला, आणि हातात पुस्तक घेऊन आवारातून चालत जाणारी मडम पाहिली. सिंथिया फरार बाई १८३९ साली नगरला आल्या आणि त्यांनी तेथे मुलींच्या शाळा चालवल्या. त्यांच्या कामाचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही, उलट त्यामुळेच तुम्ही-आम्ही शिकलो; पण तो काळ, ते गाव आणि ती गरज वेगळी होती, आणि तुम्ही तोच बंगला मनात घेऊन तावेऊनीच्या पत्र्याच्या घरात राहत आहात.

त्याच १८३९ साली तुमच्या बेटावरही एक गोष्ट घडली. जॉन हंट आणि रिचर्ड लिथ हे दोन तरुण मेथडिस्ट मिशनरी आपापल्या पत्नींसह सोमोसोमोला उतरले. लिथ हे वैद्यही होते. राजाने त्यांना राहायला जागा दिली, पण त्यांचे म्हणणे मनावर घेतले नाही. राजपुत्र समुद्रप्रवासात मेल्याची बातमी आली तेव्हा त्याच्या स्त्रियांना रिवाजाप्रमाणे गळा आवळून मारण्यात आले आणि या चौघांना ते थांबवता आले नाही. आठ वर्षांनंतर, १८४७ साली, ते केंद्र बंद करून मिशनला तेथून निघावे लागले. फिजीत ख्रिस्ती धर्म रुजला तो केवळ गोऱ्या माणसांमुळे नाही. क्रॉस आणि कारगिल हे मेथडिस्ट मिशनरी १८३५ साली लाकेंबा बेटावर आले, त्याच्याही पाच वर्षे आधी ताहितीचे शिक्षक ओनेआता बेटावर येऊन राहिले होते. पुढे १८७५ साली गोवराच्या साथीत फिजीतील सुमारे ४० हजार माणसे मेली, आणि त्याच वर्षी न्यू ब्रिटनकडील अनोळखी बेटांवर जायला कोण तयार आहे असे विचारल्यावर शिक्षण घेत असलेले फिजी तरुण उभे राहिले. इंग्रज अधिकाऱ्यांनी धोक्याची जाणीव करून दिली तरी ते गेले. त्यांच्यापैकी काही जण १८७८ साली तेथे मारले गेले. ज्या लोकांच्या पणजोबांनी हे केले आहे, त्यांना शास्त्र पाठ असणारच. त्यांना शिकवायला तुम्हांला बोलावलेले नाही, हे एकदा मान्य केले की खांद्यावरचे निम्मे ओझे उतरेल.

मग दिवसभर करायचे काय? तुम्ही ४० वर्षे परिचारिका होता, त्यामुळे हात शिवशिवत असतील हे मी समजू शकते. परंतु त्या देशात नोंदणी झाल्याशिवाय कोणाला सुई टोचू नका आणि आपल्या डब्यातील गोळी देऊ नका, मग ती कितीही साधी असो. कोणी आजारी असेल तर तिच्यासोबत वाईयेवोच्या रुग्णालयात जाऊन बाकावर बसा, डॉक्टरांनी सांगितलेले नीट ऐका आणि घरी येऊन ते पुन्हा सांगा. फिजीत मधुमेहाचे प्रमाण फार मोठे आहे आणि त्यामुळे पाय कापावे लागलेली माणसे प्रत्येक गावात भेटतात. तुम्हांला स्वतःला मधुमेह आहे. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून, सगळ्यांना दिसेल असे, आपले तळपाय आरशात पाहा, बोटांमधील जागा कोरडी करा आणि काय पाहता हे कोणी विचारले तर सांगा. महिन्याभरात तुमच्या शेजारी चार बायका आपापले पाय घेऊन बसलेल्या दिसतील, आणि त्याला कोणत्याही नोंदणीची गरज लागणार नाही.

दुपारी चटया विणणाऱ्या बायकांमध्ये जाऊन बसा. तेथील ‘वोइवोइ’ ही आपल्या केवड्याच्या कुळातील वनस्पती आहे. तिची पाने उकळतात, उन्हात वाळवतात, चिरून पट्ट्या करतात आणि मग विणतात. तुमची वीण वाकडी येईल आणि त्या हसतील, हे उत्तमच आहे, कारण सात महिन्यांत तुम्ही काहीतरी चुकताना त्यांना प्रथमच दिसाल. भाषाही तेथेच येईल. ‘पाळकबाई’साठी त्यांच्याकडे ‘रांदिनी तालाताला’ असा मानाचा शब्द आहे आणि ते तुम्हांला त्याच मानाने वागवत असतील. पण त्या मानाबरोबर पहिल्या रांगेतील चटईवर एकटे बसणेही येते. विणायला बसलात की रांग उरत नाही. तुमच्या यजमानांनी शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारून, शाळा सुटल्यावर मुलांचे वाचन घेतले तर तेही चांगले होईल, मात्र शाळा कशी चालवावी हे त्यांनी कोणाला सांगू नये.

यजमानांच्या यांगोनाबद्दल तुम्ही जितक्या रागाने लिहिले आहे, तितका राग मला येत नाही, तरी तुमचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. तेथे कोणत्याही गावात प्रवेश करताना यांगोनाची मुळी पुढे ठेवून ‘सेवुसेवु’ करावा लागतो, तानोआभोवती, म्हणजे यांगोनाच्या लाकडी परातीभोवती, बसल्याशिवाय गावातील कोणतीही गोष्ट ठरत नाही आणि मेथडिस्ट पाळकही तेथे बसलेले असतात. ते मद्य नाही आणि त्याने माणूस बडबडत नाही, उलट शांत होतो. म्हणून बैठकीला जाणे ही सेवा आहे असे यजमान म्हणतात ते खोटे नाही. परंतु रोज अकरापर्यंत बसणे ही सेवा नसून सोय आहे. घरी बायको नाराज असते आणि तिकडे कोणी प्रश्न विचारत नाही. फार यांगोना घेणाऱ्याची त्वचा कोरडी पडून खपल्या निघू लागतात, सुस्ती येते, आणि यकृतावर परिणाम होण्याची शक्यता असल्यामुळे रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते नियमित घेऊ नये. त्यांनी आठवड्यातून दोन दिवस जावे, अर्धी करवंटी मागावी आणि उठताना रीतसर निरोप मागावा. निरोप मागून उठणे हा तेथील शिष्टाचारच आहे आणि वयस्क माणसाने लवकर निरोप मागितला तर कोणालाही अपमान वाटत नाही. हे त्यांना तुम्ही सांगू नका, डॉक्टरांकडून सांगवा. मुख्याध्यापकांना घरचे परिपत्रक लागू होत नाही.

जेवणाविषयी तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, “भाकरीवाचून जीव कासावीस होतो”, आणि त्या ओळीने मला फार हसू आले, कारण मी नेमके हेच लिहून आईसमान नणंदेला पाठवले होते. ज्वारीचा विचार सोडून द्या. पण दालो म्हणजे आपला अळूच आहे हे विसरू नका. त्या बायका पाने नारळाच्या दुधात शिजवून ‘रोउरोउ’ करतात, आपण चिंच घालून फतफते करतो. भारतीय दुकानांत बेसन मिळते, चिंचेचे झाड गावात कोणाकडे तरी असतेच. पाने मागून आणा (हे तुमचे पहिले केरेकेरे होऊ शकते) आणि शेजारणीला समोर बसवून अळूवडीचा उंडा वळून दाखवा. घशाला खाज येईल की काय या भीतीने ती आधी तुमच्याकडे संशयाने पाहील, कारण पान पुरते शिजले पाहिजे हे ती तुमच्याइतकेच जाणते. नीरफणस कोकणातल्या माणसाला ओळखीचा असतो, आपल्याला नगरकडे नसतो. तो भाजून खायला शिका. खवणीवर बसून नारळ खवणे मात्र मला दोन वर्षांत जमले नाही. एका गोष्टीत कडक राहा: सकाळी तळलेला ‘बांबाकाऊ’ आणि सोबत तीन चमचे साखरेचा चहा कोणी प्रेमाने पुढे केला तर लिंबाच्या पानांचा बिनसाखरेचा चहा मागून घ्या. तेथे तो घरोघर करतात, आणि मागितल्याने त्यांना आनंदच होतो.

दुकानदारांच्या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी तो प्रश्न कोठून आला हे पाहावे लागते. १४ मे १८७९ रोजी ‘लिओनिडास’ जहाजातून पहिले गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध भारतीय मजूर, फिजीत उतरले आणि १९१६ पर्यंत सुमारे ६० हजार माणसे उसाच्या मळ्यांवर नेण्यात आली. जहाजे आधी कोलकात्याहून आणि १९०३ पासून मद्रासहूनही सुटत, त्यामुळे तेथे भोजपुरी-अवधी वळणाची हिंदी झाली, तमिळ-तेलुगू घरे झाली. मराठी माणूस मात्र क्वचितच भेटतो. त्यांच्या चार पिढ्यांनी कसलेली जमीन बहुतांशी मूळ फिजी कुळांच्या मालकीची आहे, भाडेपट्टे संपल्यावर अनेकांना घरे सोडावी लागली, आणि १९८७ व २००० साली बळाने झालेल्या सत्तांतरांत त्यांनी भीतीही सोसली. मेथडिस्ट मंडळीतील अनेकांनी त्या काळात कोणाची बाजू घेतली हे ते विसरलेले नाहीत. २०२३ च्या मे महिन्यात मंडळीच्या अध्यक्षांनी भारतीय वंशाच्या लोकांची जाहीर क्षमा मागितली, ही मोठी गोष्ट घडली. पण क्षमा मागितल्याने दुकानाच्या गल्ल्यामागे बसलेल्या माणसाच्या आठवणी पुसल्या जात नाहीत. तो तुम्हांला “त्यांच्यात का राहता” असे विचारतो तेव्हा त्याच्या मनात, “आमच्याकडे का आला नाहीत” हेही असते.

म्हणून त्याच्याशी वाद घालू नका आणि गावाची वकिलीही करू नका. दर आठवड्याला एक दुपार त्यांच्या ओसरीवर काढा. त्यांची हिंदी तुम्हांला समजेल, तुमची त्यांना समजेल, आणि दोघांचीही व्याकरणशुद्ध नसल्यामुळे कोणी कोणाला हसणार नाही. १८९७ साली हॅना डडली नावाच्या बाई सुवाला भारतीय मजुरांत काम करायला आल्या, अनाथ मुले त्यांनी आपल्या घरात वाढवली आणि लोक त्यांना ‘हमारी माँ’ म्हणू लागले. धर्मांतर फार थोड्यांनी केले, पण ते नाव मात्र राहिले. तुम्ही एका घरी ऐकलेले दुसऱ्या घरी बोलू नका, एवढे सांभाळले तर पुरे. ‘काई इंदिया’ हा भारतीय वंशाच्या लोकांसाठीचा शब्द गावातील मुले तुमच्यासाठी वापरतील तेव्हा दचकू नका. तो वाक्याच्या स्वरावरून शिवी होतो किंवा नुसता पत्ता.

आता मुलीचे म्हणणे. नोव्हेंबर ते एप्रिल हा वादळांचा हंगाम खरा आहे आणि २० फेब्रुवारी २०१६ च्या विन्स्टन वादळात त्या देशात ४४ माणसे मेली, हे तिने वाचलेले असणार. त्यामुळे ‘काही होत नाही’ असे तिला सांगू नका. तिला सांगा की गाव सोडून कोणत्या पक्क्या इमारतीत जायचे हे तुम्हांला ठाऊक आहे, रेडिओला बॅटऱ्या आहेत, दोन महिन्यांची औषधे आणि कागदपत्रे जलरोधक पिशवीत बांधलेली आहेत, आणि तुम्ही दोघे गावप्रमुखाच्या, म्हणजे तुरांगा नी कोरोच्या, सूचनेप्रमाणे वागणार आहात. यांपैकी जे अजून केलेले नसेल ते करून मग सांगा. माझ्या मते, वादळापेक्षा तुमच्या घरापासून न्हाणीघरापर्यंतची शेवाळलेली पायवाट तुमच्या वयाला अधिक धोक्याची आहे. तावेऊनीवर पाऊस थांबत नाही, तेव्हा तेथे खडी टाकून घ्या आणि हाताला धरायला बांबू लावून घ्या. हेही मागूनच करून घ्या.

परत यायचे की नाही, याचा निर्णय वादळाच्या भीतीवर नव्हे तर तपासणीच्या अहवालावर घ्यावा, असे मला वाटते. ऑक्टोबरमध्ये दोघांनी सुवाला जाऊन रक्त, डोळे, मूत्रपिंडे आणि हृदय तपासून घ्यावे. डॉक्टर नको म्हणाले तर कोणताही अपराधीपणा न बाळगता परत या, कारण बेटावरून गंभीर रुग्णाला लंबासाला किंवा सुवाला हलवण्यात जो वेळ जातो तो तुमच्या हातात नसतो. त्याच फेरीत भारतीय उच्चायुक्तालयात हयातीच्या दाखल्याची चौकशी करा, नाहीतर नोव्हेंबर उलटेल आणि यजमानांचे निवृत्तिवेतन अडकून बसेल. मुलीला तुम्ही भारतीय वेळेनुसार रात्री फोन करण्याचा प्रयत्न करता असे दिसते. फिजीचे घड्याळ आपल्यापुढे साडेसहा तास आहे, तेव्हा तुमच्या संध्याकाळी सातला पुण्यात दुपारचे साडेबारा झालेले असतात. जेवणाच्या सुटीत ती मोकळी असेल, आणि तुम्हीही जांभया देत बोलणार नाही. दोघांपैकी एकाचे तेथेच काही झाले तर काय करावे, हेही तिला एका कागदावर लिहून पाठवा. ती प्रथम रडेल. पण वादळाविषयी ती जे बोलत असते त्याच्या मागे हेच असते.

आणि आता माझे केरेकेरे. रविवारी उपासनेपूर्वी वृद्ध बायका चटईवर बसून जुन्या फिजी चालीत स्तोत्रे म्हणतात. एक बाई उचलते, बाकीच्या खालच्या स्वरात तिला धरून ठेवतात, आणि ती चाल मला आपल्याकडच्या जात्यावरच्या ओवीची आठवण करून देत असे. आमच्या वेळी ती टिपून ठेवायला माझ्याकडे काही नव्हते. त्या बायकांना विचारून, त्या हो म्हणाल्या तरच, एखादे स्तोत्र मोबाईलवर घ्या आणि मला पाठवा. रिचार्ज संपला असेल तर शेजारी मागा.